सातव्या महिन्यात माहेरी निघताना: लांबचा गाडीप्रवास टप्प्याटप्प्यानं कसा करायचा

पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं म्हटलं की आपल्याकडे सगळ्यात आधी तारीख ठरते. डोहाळजेवण कधी, नवऱ्याला सुट्टी कधी, भावाची गाडी कधी मोकळी, हे सगळं जुळलं की निघायचं. डॉक्टरांना विचारणं निघायच्या आदल्या आठवड्यात होतं, आणि थांबायचं कुठे हा विषय गाडीत बसल्यावरच निघतो. मग सात-आठ तासांचा प्रवास एका दमात होतो. लघवीला थांबावं लागू नये म्हणून गरोदर बाई पाणी पीत नाही, पोटाला काचतो म्हणून बेल्ट लावत नाही, आणि पोचेपर्यंत पाय सुजलेले असतात, कंबर धरलेली असते. वर सगळे म्हणतात, "या दिवसांत असं व्हायचंच."

व्हायचंच असं काही नाही. यातला बराचसा त्रास क्रम उलटा झाल्यामुळे होतो. बरोबर क्रम असा: आधी डॉक्टर, मग बसण्याचे तास, मग थांबे आणि मुक्काम, आणि शेवटी तारीख. खाली उदाहरणासाठी पुणे ते रत्नागिरी हा रस्ता घेतला आहे, कारण त्यात महामार्गही आहे, घाटही आहे आणि अंतरही एका बैठकीला जड जाणारं आहे. तुम्ही नाशिकहून जळगावला जात असाल किंवा मुंबईहून सावंतवाडीला, गावांची नावं बदलतील, क्रम तोच राहील.

टप्पा १: महिने सोडा, आठवडे मोजा आणि डॉक्टरांना भेटा

"सातवा लागला" आणि "सात पूर्ण झाले" यात जवळजवळ चार आठवड्यांचा फरक असतो, आणि घरात प्रत्येक जण वेगळं मोजत असतो. फाइलवर लिहिलेले आठवडे तेवढे खरे धरा. साधारणपणे १४ ते २८ आठवडे हा प्रवासाला सगळ्यात सोपा काळ. मळमळ ओसरलेली असते आणि पोट अजून अडचणीचं झालेलं नसतं. सातवा लागताना २६ आठवडे पूर्ण होत आलेले असतात, म्हणून लागता सातवा हा मला माहेरी जायला सगळ्यात चांगला वाटतो. पुढेही जाता येतं, पण दर आठवड्यागणिक बसणं अवघड होत जातं. ३६ आठवड्यांनंतर लांबचा प्रवास टाळावा.

तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना भेटा आणि स्पष्ट विचारा: "इतके तास गाडीत बसायचंय, वाटेत घाट आहे, जाऊ का?" नुसतं "गावाला जाऊ का" असं विचारलं तर उत्तरही तसंच मोघम मिळतं.

यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय निघू नका:

- वार (प्लॅसेंटा) खाली असल्याचं सोनोग्राफीत आलं आहे
- या गरोदरपणात अंगावर रक्त गेलं आहे
- पिशवीच्या तोंडाला टाका घातला आहे किंवा तोंड आखूड झालं आहे
- आधीचं बाळंतपण दिवस भरण्याआधी झालं आहे
- रक्तदाब वाढलेला आहे
- जुळं आहे
- तुम्हाला किंवा जवळच्या नात्यात कुणाला पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाली आहे

याच भेटीत आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. उलटी झाली तर कोणती गोळी घ्यायची? घरात प्रवासासाठी ठेवलेली गोळी आपल्या मनानं घेऊ नका. पायांत घट्ट मोजे घालायचे का, आणि कोणत्या मापाचे? आणि माहेरच्या डॉक्टरांसाठी एक चिठ्ठी मिळेल का?

तपासा: रक्तगट फाइलवर ठळक लिहिलेला आहे का? तो निगेटिव्ह असेल तर सोबत येणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं. कारण पुढे टप्पा १० मध्ये आहे.

टप्पा २: किलोमीटर नव्हे, बसण्याचे तास मोजा

पुण्याहून सातारा रस्त्यानं उंब्रजपर्यंत जायचं, तिथून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, आणि मग मुंबई-गोवा महामार्गानं रत्नागिरी. हे सगळं मिळून ३०० किलोमीटरच्या आसपास होतं. मोबाइल जो वेळ दाखवतो त्यात थांबे नसतात. ट्रकच्या मागे रखडणं, पुलाच्या कामापाशी खोळंबणं, चहा, जेवण हे सगळं धरून दिवस त्यातच जातो.

दोन मर्यादा पक्क्या धरा. एका दिवसात गाडीत बसणं एकूण पाच ते सहा तासांच्या वर जाऊ नये. आणि एका बैठकीला कितीही झालं तरी दोन तासांच्या वर नाही. सातव्या महिन्यात मी तर दीड तासच म्हणेन, कारण तोवर लघवीला जायचं असतंच.

या मोजमापानं पुणे-रत्नागिरी एका दिवसाचा प्रवास राहत नाही. मधे मुक्काम हवा, आणि तो घाटाच्या अलीकडे हवा. इथे बहुतेकांचं चुकतं. "एकदा घाट उतरू, मग चिपळूणला थांबू" असं ठरवलं की घाट वाट्याला येतो तो दुपारी, जेवण झाल्यावर, दमलेल्या अंगानं. त्याऐवजी पहिल्या दिवशी उंब्रजच्या थोडं पुढे कऱ्हाडला थांबा, तिथूनही पाटणला रस्ता आहे. सकाळी सातला पुणं सोडलं तर थांबत थांबत दुपारच्या जेवणाच्या आत तुम्ही तिथे असता. अर्धा दिवस आडवं पडायला मिळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घाट लागतो तो झोप झालेल्या अंगाला आणि उजेडात.

घरच्यांना हे लाड वाटतील. "आम्ही ट्रकमधून आलो होतो" असं कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या. मुक्कामाचा खर्च या प्रवासातला सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च आहे.

मुंबईहून कोकणात जाणार असाल तर गाडीआधी कोकण रेल्वेचा विचार करा. रेल्वेत उठून चालता येतं, डब्यातच संडास असतो, आणि गरोदर बाईसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. एसटीशिवाय पर्याय नसेल तर जागा पुढच्या किंवा मधल्या भागातली घ्या. मागच्या चाकाच्या मागे, शेवटच्या बाकावर, प्रत्येक खड्डा दुप्पट लागतो.

टप्पा ३: थांबे आणि रुग्णालयं कागदावर लिहा

कागदच हवा, कारण घाटात मोबाइलची रेंज जाते. एका पानावर दोन रकाने करा.

पहिल्या रकान्यात थांबे. वरच्या रस्त्यासाठी ते असे पडतील: खंबाटकी चढण्याआधी शिरवळ, मग सातारा, मग मुक्काम कऱ्हाड. दुसऱ्या दिवशी पाटण, घाट उतरण्याआधी कोयनानगर, मग चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी. थांबा आला की थांबायचं. "आत्ता लागली नाहीये, पुढे बघू" हे चालवून घेऊ नका. पुढे स्वच्छ संडास असेलच याची खात्री नसते, आणि थांबा नुसता लघवीसाठी नसतोच, तो पायांसाठीही असतो.

दुसऱ्या रकान्यात बाळंतपणाची सोय असलेली रुग्णालयं. या वाटेवर साताऱ्याला जिल्हा रुग्णालय आहे, कऱ्हाडला कृष्णा रुग्णालय, चिपळूणजवळ कामथ्याला उपजिल्हा रुग्णालय, सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय, आणि रत्नागिरीला जिल्हा रुग्णालय. पाटण ते चिपळूण हा रुग्णालयांच्या बाबतीत सगळ्यात रिकामा पट्टा. तो सुरू होण्याआधी पाटणला थांबून "सगळं ठीक आहे ना?" हे एकदा शांतपणे विचारा. जरा जरी शंका असेल तर घाटात शिरू नका, कऱ्हाडला मागे वळा.

खाली तीन नंबर लिहा: रुग्णवाहिकेसाठी १०८, गरोदर बायकांच्या मोफत सरकारी वाहनासाठी १०२, आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३.

सावधान: जून ते सप्टेंबरमध्ये निघत असाल तर आदल्या रात्री आणि त्याच सकाळी, दोन्ही वेळा, घाट चालू आहे का ते विचारून घ्या. दरड पडून रस्ता बंद झाला तर गाडीत अडकून पडण्याचे तास कुणाच्याच हातात नसतात. मोठ्या पावसाचा इशारा असेल तर तारीख पुढे ढकला.

टप्पा ४: आदल्या दिवशी गाडी तयार करा

टाकी आदल्या संध्याकाळीच भरून आणा, तीही तिला सोबत न नेता. पेट्रोलच्या वासानं दिवसाची सुरुवात मळमळीनं होते. गाडीत टांगलेली सुगंधी बाटली काढून टाका. ज्यांना गाडी लागते त्यांना ती लागण्याचं निम्मं कारण तो वासच असतो.

चाकांत हवा कंपनीनं सांगितली आहे तेवढीच भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. "लांब जायचंय, थोडी जास्त मार" हा पंपावरचा सल्ला ऐकू नका. जास्त हवेनं गाडी टणक होते आणि प्रत्येक धक्का थेट कमरेत येतो.

सामान सगळं डिकीत. ओटीचे नारळ, फळांची पाटी, डबे हे मागच्या काचेखाली मोकळं ठेवायची आपल्याकडे सवय आहे. जोराचा ब्रेक लागला की तोच नारळ मागच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्यात बसतो. नारळ पिशवीत बांधून डिकीत तळाला ठेवा.

तपासा: ती जिथे बसणार त्या सीटचा बेल्ट पूर्ण ओढला जातो का आणि खट्कन बसतो का? मागच्या सीटचे बेल्ट अनेक गाड्यांत कव्हरखाली दाबून टाकलेले असतात. कव्हर कापावं लागलं तर कापा.

टप्पा ५: हाताशी ठेवायची पिशवी

बाकीचं सामान कसंही भरा. पण एक पिशवी तिच्या हाताशी हवी, आणि तिच्यात एवढंच:

- फाइल: शेवटची सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, माता-बाल संरक्षण कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी. प्रत्येक पानाचा फोटो सोबतच्या माणसाच्या मोबाइलमध्येही
- चालू असलेली सगळी औषधं, दोन दिवस जास्तीची धरून. इन्सुलिन असेल तर थंड पिशवीत
- पाणी, घरून भरलेलं, दोन मोठ्या बाटल्या
- कागदी साबण, टिश्यू, हात पुसायचा पंचा, दोन-तीन पॅड, एक जोड आतले कपडे
- उलटीसाठी जाड प्लास्टिकच्या पिशव्या, त्या आधी फुंकून भोक नाही ना ते पाहून
- दोन छोट्या उश्या आणि एक मोठा टॉवेल

कपडे सैल आणि सुती. संडासात पटकन वर-खाली करता येतील असे. नाडीपेक्षा इलॅस्टिक बरं, साडी नकोच. पायांत मागे पट्टा असलेली चप्पल, म्हणजे ओल्या फरशीवर पाय घसरणार नाही. डॉक्टरांनी मोजे सांगितले असतील तर ते सकाळी, पाय सुजायच्या आधी चढवा. गुडघ्याखाली त्यांची गुंडाळी होऊ देऊ नका, तिथेच रक्त अडतं.

टप्पा ६: बसायचं कसं आणि बेल्ट कुठून न्यायचा

हा भाग सगळ्यात जास्त चुकतो, आणि चुकल्यावर किंमतही सगळ्यात मोठी पडते, म्हणून नीट वाचा.

*जागा.* गाडी लागत असेल तर पुढची डावी सीट, जेवढी मागे सरकेल तेवढी मागे सरकवून. लागत नसेल तर मागची डावी. दोन्हींचं दार रस्त्याच्या कडेला उघडतं, त्यामुळे उतरताना अंगावर गाडी येत नाही. सात सीटच्या गाडीत तिसऱ्या रांगेत बसू नये. ती मागच्या चाकांवर असते आणि तिथे धक्के सगळ्यात जास्त बसतात.

*पाठ.* कंबर सीटला पूर्ण टेकवा. टॉवेलची गुंडाळी करून कमरेच्या खोलगट भागात ठेवा. फार जाड नको, पोट पुढे ढकललं जाता कामा नये. सीट थोडीशीच मागे कलती करा. फार कलती केली की बेल्ट मांड्यांवरून निसटून पोटावर चढतो.

*बेल्टचा खालचा पट्टा.* तो पोटाच्या खालून, मांड्यांच्या वरच्या टोकाशी, कमरेच्या हाडांवर घट्ट बसला पाहिजे. पोटावरून कधीही नाही. धक्का बसला तर तो हाडांनी झेलायचा असतो.

*बेल्टचा वरचा पट्टा.* खांद्याच्या मधून, दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या कडेनं खाली. काखेतून काढू नका, पाठीमागेही टाकू नका. बेल्टमध्ये पीळ नको, आणि पट्टा व पोट यांच्यामध्ये उशी तर अजिबात नको. उशीमुळे बेल्ट सैल राहतो आणि ऐन वेळी वर सरकतो.

"बेल्टनं बाळाला दाब येईल" ही भीती मी समजू शकते. पण बाळ पाण्याच्या पिशवीत आणि जाड स्नायूंच्या आत असतं, नीट लावलेल्या बेल्टनं त्याला काही होत नाही. बेल्ट नसेल तर जोराच्या ब्रेकला आईचं पोट थेट पुढच्या सीटवर किंवा डॅशबोर्डवर आदळतं. बाळाला वाचवायचं तर आधी आईला जागेवर धरून ठेवावं लागतं.

एअरबॅग बंद करू नका. फक्त तिच्यापासून अंतर ठेवा. आणि डॅशबोर्डवर पाय टाकून बसू नका. एअरबॅग उघडली तर पाय आणि कंबर दोन्ही मोडतात. पाय थोडे वर हवे असतील तर खाली एखादी घट्ट पिशवी ठेवून तिच्यावर टेकवा.

*स्वतः गाडी चालवत असाल तर* स्टिअरिंग आणि छातीचं हाड यांत किमान २५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक वीत आणि चार बोटं, अंतर ठेवा. स्टिअरिंगचा कल पोटाकडे नाही, छातीकडे असू द्या. पेडलपर्यंत पाय पोचवताना हे अंतर राहत नसेल तर गाडी दुसऱ्याच्या हातात द्या. सातव्या महिन्यात घाट चालवायला घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

सावधान: "मागे आडवी हो, आम्ही हळू नेतो." हा प्रेमानं दिलेला सर्वांत धोक्याचा सल्ला आहे. आडवं पडल्यावर बेल्ट नसतोच. शिवाय पाचव्या महिन्यानंतर उताणं पडलं की पोटाच्या भारानं पाठीमागची मोठी रक्तवाहिनी दाबली जाते, घाम फुटतो, चक्कर येते आणि बाळाला जाणारा रक्तपुरवठाही कमी होतो. खरंच आडवं पडावंसं वाटलं तर गाडी थांबवा, एखाद्या लॉजवर तासाभरासाठी खोली घ्या आणि डाव्या कुशीवर पडा.

टप्पा ७: चालत्या गाडीत

पाणी. थांबावं लागेल म्हणून पाणी कमी करणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. पाणी कमी पडलं की लघवीत जळजळ होते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, पोट घट्ट होऊन कळांसारखं वाटतं, आणि पायांत रक्त साकळण्याची शक्यताही वाढते. घोट घोट पीत राहा. एकदम अर्धी बाटली नको, उलटी होईल. लघवीचा रंग फिका राहिला म्हणजे पाणी पुरेसं आहे.

खाणं. पोट रिकामं राहिलं तरी मळमळतं आणि भरलं तरी मळमळतं. म्हणून दर दीड-दोन तासांनी थोडं कोरडं खा. दशमी आणि कोरडी चटणी, खाकरा, भडंग, फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू, केळं. रस्त्यावर मिसळ आणि वड्याचा वास कितीही बोलावत असला तरी प्रवासात तळलेलं-तिखट खाल्लं की तासाभरात छातीत जळजळ सुरू होते. कापून ठेवलेली फळं, उघड्यावरची चटणी, बर्फ आणि उसाचा रस पूर्ण टाळा. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतू शकते. चहा घ्या, पण लोहाच्या गोळीबरोबर नको. चहानं गोळीतलं लोह अंगी लागत नाही.

पाय. गरोदरपणात रक्त गोठण्याकडे शरीराचा कल वाढलेला असतो, आणि तासन्‌तास लोंबते पाय त्यात भर घालतात. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पावलं वर-खाली हलवा, टाचा उचला, घोटे दोन्ही बाजूंना गोल फिरवा, पोटऱ्या आवळून सोडा. दहा-बारा वेळा पुरे. पायावर पाय टाकून बसू नका. पोटरीत गोळा आला तर पाऊल आपल्याकडे ओढून धरा, बोटं खाली दाबू नका.

काचा बंद करून गाडी उभी असताना एसी लावून झोपू नका. दिवसाही नाही.

गाडी चालवणाऱ्यासाठी: गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवून सोडा. खड्ड्यांमुळे गर्भ पडतो वगैरे घाबरवणाऱ्या गोष्टी तिला सांगू नका, व्यवस्थित चाललेल्या गरोदरपणाला साध्या हादऱ्यांनी तसं होत नाही. पण कंबर आणि ओटीपोट दुखतं ते खरं असतं. "थांब" म्हटल्यावर पहिल्या सुरक्षित जागी थांबायचं. "अजून वीसच किलोमीटर" हे वाक्य या प्रवासात बोलायचं नाही.

टप्पा ८: घाट

घाट सुरू होण्याआधी पंधरा-वीस मिनिटं थांबा. लघवीला जाऊन या, दोन-चार घास कोरडं खा, डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती त्यांनी सांगितलेल्या वेळी घेतलेली असू द्या. आलेपाकाची वडी तोंडात धरली तर अनेकींना बरं वाटतं.

घाटात ती पुढे बसू दे. नजर लांब, रस्त्याच्या वळणावर. मोबाइल नाही, वाचन नाही, मागे वळून बोलणं नाही. डोकं सीटला टेकलेलं. काच दोन बोटं खाली, मात्र पुढे धूर सोडणारा ट्रक असेल तर ती लगेच वर. अशा ट्रकच्या मागे लागून राहण्यापेक्षा रुंद जागी पाच मिनिटं थांबून त्याला पुढे जाऊ द्यावं. घाटात ओव्हरटेक नाही.

उलटी झालीच तर थांबा, चूळ भरा, दहा मिनिटं मोकळ्या हवेत उभं राहा आणि मग एक-एक घोट पाणी. लगेच काही खायला लावू नका.

तपासा: उलट्या थांबत नसतील, पाणीही पोटात ठरत नसेल, तर ही नुसती गाडी लागणं नव्हे. जवळच्या रुग्णालयात जाऊन सलाइन लावून घ्यावं लागू शकतं.

टप्पा ९: थांब्यावर काय करायचं

पंधरा मिनिटं. त्यातली आधी पाच चालण्यासाठी. उतरल्या उतरल्या खुर्चीत बसलात तर थांबण्याचा उपयोग संपला. उतरताना दोन्ही पाय एकत्र बाहेर काढा, मग हातांनी आधार घेऊन उठा. एक पाय बाहेर टाकून वळत उठलं की ओटीपोटाच्या सांध्यात कळ येते. क्षणभर उभं राहा, चक्कर येत नाही ना पाहा, मग चाला.

संडासाला पेट्रोल पंप किंवा मोठं हॉटेल बघा. सोबत एक बाई असेल तर तिनं आधी आत जाऊन फरशी ओली आहे का, कडी लागते का, पाणी आहे का ते पाहावं. भारतीय संडासावर बसणं जड जात असेल तर हात धरायला माणूस दाराशी हवा. यात लाजण्यासारखं काही नाही.

पायांवर सूज पाहा. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर चिंता नको. एकच पाय सुजला, गरम लागला, पोटरी दुखू लागली, तर पुढचा टप्पा वाचा.

टप्पा १०: पुढे जायचं नाही अशी लक्षणं

यांपैकी एकही दिसलं तर माहेर किती जवळ आहे हे मोजू नका, कागदावरच्या जवळच्या रुग्णालयात जा:

- अंगावर रक्त जाणं, कितीही थोडं असलं तरी
- अंगावरून पाणी जाणं
- ठरावीक अंतरानं पोट कडक होणं, विश्रांतीनंही न थांबणं
- जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, चेहऱ्यावर अचानक सूज
- एकाच पायाची सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, धाप लागणं
- बाळाची हालचाल कमी झाल्यासारखी वाटणं

चालत्या गाडीत हालचाल नीट जाणवत नाही, त्यामुळे लगेच घाबरू नका. पण थांब्यावरही शंका राहिली तर थांबा, डाव्या कुशीवर पडा आणि लक्ष द्या. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर रुग्णालय गाठा. सकाळपर्यंत वाट पाहू नका.

गाडीला अपघात झाला, अगदी मागून हलकी धडक बसली, तरी "मला काही लागलं नाही" म्हणून पुढे जाऊ नका. धक्क्यानं वार सुटायला लागली तर बाहेरून काही तास काहीच दिसत नाही. रुग्णालयात बाळाचे ठोके काही तास पाहावे लागतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन (आईच्या शरीरानं बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिकार तयार करू नये म्हणून देतात ते) लागू शकतं, आणि तिथल्या डॉक्टरांना रक्तगट तुम्हीच पहिल्यांदा सांगायचा.

टप्पा ११: पोचल्यावर

दारात भाकरतुकडा ओवाळून झाला की तिला आधी आडवं पडू द्या. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. भेटायला येणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी बोलवा. कंबर शेकायची तर कोमट पाण्याच्या पिशवीनं. पोटावर शेक नाही, आणि दुखण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. "पोट सरकलं असेल, चोळून घे" म्हणून कुणी तेल घेऊन आलं तर नम्रपणे नकार द्या. पोट चोळायचं नसतं.

दोन-तीन दिवसांत माहेरच्या रुग्णालयात फाइल घेऊन जा आणि नाव नोंदवा. तिकडे रक्तदाब आणि वजन पाहून घ्या. हे काम नवव्या महिन्यावर ढकलू नका, कारण तुमची आधीची माहिती नसलेल्या ठिकाणी रात्री-अपरात्री पोचणं तुम्हालाही आणि तिथल्या डॉक्टरांनाही अवघड जातं. सरकारी योजनांसाठी गावातल्या आशाताईंना कार्ड दाखवून त्यांच्याकडेही नोंद करून ठेवा.

प्रवास संपला तरी पायांवर लक्ष ठेवणं संपत नाही. शिरेतली गाठ प्रवासानंतर कित्येक दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही, दिसू शकते. रोज आंघोळीच्या वेळी दोन्ही पोटऱ्या शेजारी धरून पाहा. एक जाड, लाल किंवा दुखरी वाटली तर ती चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि "गाडीनं लांबचा प्रवास करून आले आहे" हे आठवणीनं सांगा.